खोऱ्यातलं गावचं संग्रहालय पाहायला जाताना: ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

भातसा, काळू, शाई या नद्यांच्या खोऱ्यांत, म्हणजे शहापूर-मुरबाडच्या अंगाला, गावचं संग्रहालय म्हणून जे असतं ते बहुतेक वेळा शाळेची रिकामी झालेली खोली, देवळाची ओवरी किंवा कुणाच्या जुन्या घराची पडवी. अशा ठिकाणी जाणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शहरातल्या मोठ्या संग्रहालयाची सवय असेल तर पहिली दोन-तीन उत्तरं आधी वाचा, नाहीतर कुलूप बघून परत यावं लागेल.

संग्रहालय उघडं आहे हे कसं कळणार?

फोन करून. मोबाइलच्या नकाशावर दिसणारी वेळ कुणीतरी एकदा भरलेली असते आणि नंतर तिच्याकडे कुणी पाहिलेलं नसतं. किल्ली एकाच माणसाकडे असते, आणि त्याला शेती असते, लग्नकार्यं असतात, तालुक्याची कामं असतात. दोन दिवस आधी फोन करा आणि निघायच्या सकाळी पुन्हा एकदा. रेंज नसल्यामुळे फोन लागला नाही तर मेसेज टाकून ठेवा. तो माणूस टेकाडावर किंवा फाट्यावर आला की त्याला दिसतो. मेसेजमध्ये चार गोष्टी हव्यात: किती जण, किती वाजता, बरोबर लहान मुलं किंवा वयस्कर कोणी आहे का, आणि जेवण लागेल का.

गावाच्या आठवडी बाजाराचा वार विचारून तो टाळा. जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू असते. हळवं भात दसऱ्याच्या आगेमागे कापतात आणि गरवं दिवाळीच्या सुमारास किंवा त्यानंतर. या दिवसांत दुपारी कुणी मोकळं नसतं, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी चारनंतर जमतं. पौष पौर्णिमेला मुरबाडजवळच्या म्हसा गावची यात्रा सुरू झाली की मुरबाडकडचे रस्ते गुरांच्या टेंपोंनी आणि माणसांनी भरून जातात. यात्रा बघायची असेल तर यात्राच बघा, त्याच दिवशी संग्रहालय जमवायला जाऊ नका.

ठाण्याहून आणि नवी मुंबईहून कसं जायचं?

शहापूरकडे जायचं तर कसारा लोकल. वाशी, नेरूळ, घणसोलीकरांनी ट्रान्स हार्बरने ठाण्याला येऊन गाडी बदलावी. कल्याणला मार्ग फुटतो, त्यामुळे बदलापूर किंवा कर्जतच्या गाडीत चढू नका. टिटवाळा लोकलही अर्ध्यात सोडते. शहापूरसाठी आसनगावला उतरायचं. त्यापुढच्या खोऱ्यांसाठी आटगाव, खर्डी किंवा कसारा. आसनगावपुढे गाड्यांमधलं अंतर बरंच वाढतं, म्हणून जायची आणि यायची दोन्ही गाड्या आधी पाहून ठेवा.

मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणला पश्चिमेला, स्टेशनलगत एसटी स्टँड आहे, तिथून मुरबाड, टोकावडे, माळशेजकडच्या गाड्या मिळतात. मुख्य रस्त्यापासून आतल्या गावापर्यंत शेअर जीप किंवा रिक्षा. ती भरेपर्यंत हलत नाही. घाई असेल तर उरलेल्या सीटचे पैसे देऊन निघा.

स्वतःची गाडी असेल तर माजिवड्यापासून माणकोलीपर्यंतचा पट्टा सकाळी सातच्या आत पार करा. नंतर कंटेनरच्या मागे किती वेळ जाईल सांगता येत नाही. नवी मुंबईहून मुरबाडला जाणारे शिळफाटा-कल्याण रस्ता धरतात, त्यालाही तोच नियम. पेट्रोल शहापूर किंवा मुरबाडला भरा. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा आणि दहा-वीस-पन्नासच्या नोटा जवळ ठेवा, कारण रेंज गेली की यूपीआयही गेलं.

पावसाळ्यात यावं का?

जूनचा पहिला पंधरवडा आणि सप्टेंबर चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये दोन अडचणी. पहिली रस्त्याची: आतल्या रस्त्यांवरच्या ओढ्यांवर बुटके फरशी पूल असतात. डोंगरात पाऊस झाला की इथे ऊन असतानाही पाणी पुलावरून वाहायला लागतं. गुडघाभर वाटणारं पाणी मोटारसायकल आडवी करतं आणि गाडीलाही ढकलत नेतं. थांबा, पाणी उतरायला एक-दोन तास लागतात. शिवाय या दिवसांत धबधबे आणि धरणांच्या जागी प्रशासनाचे बंदीचे आदेश निघतात, त्यामुळे वाटेत थांबायचा बेत असेल तर आधी चौकशी करा.

दुसरी अडचण संग्रहालयाची. हवेतली ओल कागदाला बुरशी आणते, लोखंडाला गंज चढवते. कपाटात ओल शोषायला सिलिका जेलच्या पुड्या ठेवतात. निळे खडे गुलाबी झाले की त्यांचं काम संपलं, मग ते तापवून पुन्हा वापरायचे. तुम्ही ओल्या रेनकोटासकट दहा जण आत शिरलात की आठवड्याची मेहनत तासाभरात जाते. छत्र्या, रेनकोट, ओल्या चपला पडवीत ठेवा. कागदपत्रांचं कपाट उघडायला नकार मिळाला तर वाईट वाटून घेऊ नका. ते कपाट बघायचं तर डिसेंबर ते मार्चमध्ये या.

दोन खोल्यांचं संग्रहालय. बघायला किती वेळ लागतो?

भराभर फिरलात तर दहा मिनिटं, नीट पाहिलंत तर दीड तास. गावातले उघड्यावरचे दगड पाहायचे असतील तर आणखी एक तास. सगळं बघायचा हट्ट सोडा. पाच वस्तू निवडा आणि प्रत्येकीबद्दल विचारा: ही कुणाच्या घरून आली, कोणत्या पाड्यावरून, शेवटची कधी वापरली? वय किती हा प्रश्न सगळ्यात शेवटी. गावच्या संग्रहालयात वयापेक्षा ठिकाण मोलाचं असतं. दळायचं दगडी जातं पुण्यात जुन्या बाजारातही मिळेल, पण ते अमुक पाड्यावरच्या अमुक घरातलं आहे एवढी एक ओळ लिहिलेली असली की त्यावरून त्या घराचं पीक, खाणं, माणसांची संख्या असं बरंच काही विचारता येतं.

तिथे नेमकं काय असतं?

शेतीची औजारं, मापं, स्वयंपाकाची भांडी, मासे धरायची बांबूची साधनं, वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी घरांतल्या वस्तू, थोडी नाणी, थोडे मोडी कागद, आणि अंगणात दगड.

जात्यापाशी थांबा. वरची तळी खालच्या तळीपेक्षा पातळ झालेली असेल तर ते बरंच दळलेलं जातं. दगडाची धार गेली की टाकीने, म्हणजे छिन्नीने, पुन्हा टोचे मारून घेत, आणि प्रत्येक वेळी दगड थोडा झिजे. खुंट्याजवळ वाकून बघितलंत तर लाकूड एकाच बाजूने गुळगुळीत झालेलं दिसतं.

इरलं बांबूच्या कामट्यांचं आणि पळसासारख्या पानांचं असतं. ते पावसात पाठीवर घ्यायचं असतं, कारण आवणी वाकून करतात. छत्री तिथे निरुपयोगी. प्लास्टिकचा कागद आला आणि इरलं विणणारे कमी झाले. इरलं फार टिकत नाही, म्हणून संग्रहालयातलं इरलं बहुधा अलीकडेच कुणाकडून तरी मुद्दाम विणून घेतलेलं असतं. त्यात फसवणूक काही नाही, पाटीवर तसं लिहिलेलं असलं म्हणजे झालं.

तारपा हे वाद्य वाळवलेल्या दुधी भोपळ्याचं, त्यात बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानाचा कर्णा. फुंकून बघू नका. आतली पाती नाजूक असते, आणि ती बदलणारा माणूस शोधायला महिना जातो.

पायली, शेर, मण यांचं गणित काय?

धान्याची लहान मापं दुपटीने वाढत जातात: २ कोळवी म्हणजे १ चिपटं, २ चिपटी म्हणजे १ मापटं, २ मापटी म्हणजे १ शेर, ४ शेर म्हणजे १ पायली, १६ पायली म्हणजे १ मण आणि २० मण म्हणजे १ खंडी. ही मापं आकारमानाची आहेत, वजनाची नाहीत. म्हणून 'एक पायली म्हणजे किती किलो' याला एक उत्तर नाही. भाताची पायली आणि उडदाची पायली वेगळी भरते, शिवाय भागाभागाची पायलीही सारखी नसे. मेट्रिक वजनं १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने आली. नाण्यांचा बदल त्याआधीचा, १ एप्रिल १९५७ चा: तोवर रुपयाला १६ आणे किंवा ६४ पैसे, नंतर १०० नये पैसे. मुलांना हे तोंडी सांगू नका. चिपटं आणि तांदूळ द्या, पायली किती चिपट्यांत भरते ते त्यांनाच मोजू द्या. उत्तर सोळा यायला हवं.



 चार चिपटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. कोळव्याने मोजलंत तरच बत्तीस. मुलांच्या हातात नेमकं कोणतं माप दिलंय ते आधी बघून घ्या, दोन्ही मापं लांबून सारखीच दिसतात.

अंगणातल्या कोरीव दगडांचा अर्थ कसा लावायचा?

वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा दगड, खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई किंवा पडलेला वीर. तिथे गाई कोरलेल्या असतील तर गुरं सोडवताना आलेलं मरण. त्यावरच्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतो आणि माथ्यावर कलश, चंद्र-सूर्य. काही दगडांवर तीन चौकटी, काहींवर चार. जहाजांची लढाई कोरलेले वीरगळ बघायचे तर बोरिवलीला एकसरला जा, खोऱ्यात ते सापडणार नाहीत.

सतीशिळेवर कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात असतो. तो दिसला की ओळख पटली.

गधेगाळ हा शिलाहारांच्या काळापासून कोकणात दिसणारा दानाचा दगड. वर चंद्र-सूर्य, मधे लेख असला तर लेख, खाली गाढव आणि स्त्री. चंद्र-सूर्य असेपर्यंत हे दान चालावं, आणि जो ते मोडील त्याच्या घरच्या स्त्रीवर अशी पाळी येवो, असा तो शाप आहे. बरोबर मुलं असली की मोठी माणसं घाईघाईने पुढे सरकतात. गरज नाही. 'जमीन बळकावणाऱ्याला दिलेली शिवी आहे' एवढं सांगितलं तरी पुरतं, आणि शाप पुरुषाला देताना भोगायला बाई का लावली हा प्रश्न मोठ्या मुलांनी विचारलाच तर तो टाळू नये.

शेंदूर लावलेला दगड देव म्हणून पुजला जात असतो. चपला काढा, शेंदूर खरवडू नका, आणि 'हा खरं तर वीरगळ आहे' असं पूजा करणाऱ्याला शिकवायला जाऊ नका. त्याला ते बहुधा ठाऊक असतं.

लेखावर किंवा कागदावर शके, फसली असं लिहिलंय. इसवी सन कसा काढायचा?

शकात ७८ मिळवा. तिथी जानेवारी ते मार्चमधली असेल तर ७९. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या लेखात शके ९८२ चा श्रावण आहे, म्हणून १०६०. आपल्याकडच्या फसली सनात ५९० मिळवायचे, जानेवारीपासून मृगापर्यंत ५९१. शुहूर सनात ५९९, जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. विक्रम संवतातून ५७ वजा. राज्याभिषेक शकात १६७३ मिळवा, कारण पहिलं वर्ष १६७४ साली सुरू झालं. चुका बहुतेक फसली आणि शुहूर एकच समजल्याने होतात; नऊ वर्षांचा फरक पडतो आणि कागद भलत्याच मामलेदाराच्या नावावर जातो.

पाटीवर 'शिवकालीन' लिहिलंय. खरं मानायचं?

गावागणिक एक तरी तलवार शिवकालीन असते आणि एक तरी लेणं पांडवांनी एका रात्रीत कोरलेलं असतं. पुरावा विचारा, पण माणसाला खोटं पाडायच्या सुरात नको. 'हे कुणी सांगितलं?' या प्रश्नाला 'आजोबांनी' असं उत्तर आलं तर तेही नोंदवण्याजोगं आहे, फक्त ती आठवण आहे, तारीख नाही. चांगल्या पाटीवर दोन्ही वेगळ्या ओळींत असतात. नाण्याचं मात्र लवकर ठरतं: तांब्याच्या शिवराईवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पण शिवराया पुढेही बराच काळ पाडल्या जात होत्या, त्यामुळे नुसत्या मजकुरावरून नाणं थेट महाराजांच्या काळात नेऊ नका.

फोटो काढू का?

विचारून काढा. कागदांवर आणि काचेवर फ्लॅश नको. झिजलेला लेख समोरून उजेड टाकून कधीच दिसत नाही. टॉर्च दगडाच्या कडेला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाका, अक्षरं उठून येतात. उघड्यावरचे दगड सकाळी आठ-नऊला किंवा दुपारी चारनंतर बघा. अक्षरांत खडू, पीठ, हळद भरू नका, तेल-पाणी ओतू नका. खडूचे कण छिद्रांत राहतात आणि पुढच्या माणसाला तुम्ही ओढलेली रेघ कोरलेली वाटते. फोटोत फूटपट्टी ठेवा आणि मोबाइलमध्ये लगेच गावाचं नाव लिहा. महिन्याभराने सगळे वीरगळ सारखे दिसतात.

आमच्या घरी जुनी वस्तू आहे. द्यायची तर काय करावं?

पहिली गोष्ट: घासू-पुसू नका. चिंच, लिंबू, पितांबरीने तांब्या-पितळेचा वरचा थर जातो आणि नाण्यावरची अक्षरंही बोथट होतात. कोरड्या मऊ कपड्याने धूळ झटका, बस.

मग वस्तू आहे त्या जागी, हलवायच्या आधी, तिचा फोटो काढा. एका कागदावर लिहा: घरात तिला काय म्हणत, कुणाची होती, कोणतं गाव आणि पाडा, कुणी बनवली किंवा कुठल्या बाजारातून आणली, कशासाठी वापरत, वापर कधी आणि का थांबला, लांबी-रुंदी-उंची. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारून लिहा; स्वयंपाकघरातल्या वस्तूंची माहिती पुरुषांकडे सहसा नसते. हा कागद नसेल तर संग्रहालयाने वस्तू नाकारली तरी ते बरोबरच आहे. आधीच दळायची पाच जाती आहेत आणि सहाव्याबद्दल काही सांगता येत नसेल, तर ते जागा अडवतं.

दान की ठेव, हे लेखी ठरवा. दान म्हणजे परत मागायचं नाही. ठेव म्हणजे किती वर्षं आणि वाहतूक-दुरुस्तीचा खर्च कुणाचा हे त्यात हवं. भावकीची वस्तू असेल तर सगळ्यांच्या सह्या घ्या. भांडणं इथेच होतात: काका देतात, दोन वर्षांनी पुतण्या परत न्यायला येतो. पोच आणि नोंद क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. सनदा आणि जमिनीचे कागद मूळ देऊ नका, ३०० डीपीआयचं स्कॅन द्या. तलवार, बंदूक असेल तर आधी पोलीस ठाण्यात विचारा.

शेतात नाणी किंवा मूर्ती सापडली तर?

संग्रहालयाला द्यायची नाही आणि विकायची तर मुळीच नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. व्यवहारात तलाठ्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तू, आणि हस्तलिखितं असतील तर पंच्याहत्तर वर्षांहून जुनी, पुरावशेषांत येतात. त्या खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत.

खणणं थांबवा, मडकं उपसू नका, कशाखाली काय होतं त्याचा फोटो घ्या. ठाण्यात १७८७ साली पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा शके ९३९ चा ताम्रपट मिळाला. त्याची नोंद झाली, वाचन छापलं गेलं, म्हणून हजार वर्षांपूर्वीचं ठाणं आपल्याला थोडंफार कळतं. तेच पत्रे मोडीत गेले असते तर काही किलो तांबं मिळालं असतं.

शाळेची सहल न्यायची आहे.

एका वेळी खोलीत वीसच मुलं. उरलेल्यांना दुसऱ्या शिक्षकांबरोबर दगड बघायला पाठवा आणि चाळीस मिनिटांनी अदलाबदल करा. शिक्षकांनी आधी एकदा येऊन जावं. 'माहिती लिहून आणा' म्हटलं की मुलं पाट्या उतरवतात आणि वस्तूंकडे बघतही नाहीत. त्याऐवजी मोजायला लावा: कणगीचा घेर किती, पायलीत चिपटी किती, वीरगळात माणसं किती. वारली चित्रं असलेल्या भिंतीपासून हातभर लांब उभं करा. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग पाठ घासली तरी निघतो.

जेवणाची सोय होते का?

आदल्या दिवशी सांगितलं तर एखाद्या घरी होते. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी, डाळ, हंगामात रानभाजी. जूनच्या सुरुवातीला शेवळं मिळतात. ती भाजी शहरात नेऊन स्वतः करणार असाल तर बरोबर काकडं, म्हणजे तिच्यात घालायची आंबट रानफळं, घ्यायला विसरू नका, नाहीतर घसा खाजून हैराण व्हाल. जेवणाचे पैसे ज्या बाईंनी रांधलं त्यांच्या हातात द्या.

प्रवेशशुल्क, शौचालय, आजी-आजोबा?

शुल्क बहुधा नसतं. पेटीत पैसे टाका किंवा पावती घ्या. शौचालय शाळेचं असतं, सुट्टीच्या दिवशी तेही बंद. हायवे सोडण्याआधी आटपून घ्या. उंचच उंच उंबरे आणि दगडी पायऱ्या गृहीत धरा. खुर्ची मागितली की मिळते. माणशी दोन लिटर पाणी बरोबर ठेवा.

त्याच दिवशी नाणेघाटही होईल का?

नाही. मुरबाडकडून वैशाखरे गावाजवळून चढायला अडीच-तीन तास, उतरायला जवळपास तेवढेच. तो वेगळा दिवस ठेवा, आणि संग्रहालय आधी पाहून मग जा. वरच्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे आणि राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. प्रतिमा नष्ट झाल्या, त्यांच्या वर कोरलेली नावं मात्र आहेत, म्हणून तिथे सिमुक आणि नागनिका होते हे सांगता येतं. तळाच्या गावांतून माल या घाटाने वर जात असे आणि हा घाट कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांशी जोडलेला होता हे डोक्यात असलं की चढही कमी वाटतो. त्यापेक्षा हलकं काही हवं असेल तर परतताना अंबरनाथचं मंदिर बघा, पण त्यासाठी कल्याणला गाडी बदलावी लागेल.

परतीचं काय?

जाताना ज्या जीपवाल्याने सोडलं त्याचा नंबर घ्या आणि वेळ ठरवून ठेवा. आतल्या गावांतून शेवटची एसटी अंधार पडायच्या सुमारास निघून जाते, काही ठिकाणी त्याहून आधी, आणि रविवारी एखादी फेरी कमी असते. चारपर्यंत हायवेवर यायच्या हिशेबाने निघा. रविवारी संध्याकाळी नाशिककडून आणि माळशेजकडून परतणाऱ्या गाड्यांची रांग लागते. लोकलने गेला असाल तर तो त्रास तुम्हाला नाही.